सतरा नंबरची सुधारणा

"चावली म्हणजे नेमकी कुठं चावली?" चेअरमनसाहेबांनी विचारलं.

"दंडाला," मी म्हणाले.

"उजव्या की डाव्या?"

"डाव्या."

ते त्यांनी लिहून घेतलं. दिनकरराव आमच्या संस्थेचे चेअरमन. कुठलीही गोष्ट अर्धवट माहीत असलेली त्यांना चालत नसे. का चावली, हे मात्र त्यांनी विचारलं नाही. मीही विचारलं नव्हतं. मुलींच्या बोर्डिंगात नऊ वर्षं रेक्टर म्हणून काढल्यावर 'का' विचारायची सवय सुटते. बेचाळीस मुली, आठवी ते दहावीच्या. प्रत्येकीला रोज एकदा जरी 'का' विचारलं तरी संध्याकाळची प्रार्थना दुसऱ्या दिवशी सकाळी होईल.

चावणारी मुलगी दाराशी उभी होती. शीतल ढेकळे, नववी, वय पंधरा. नाव ठेवताना आईबापांनी जरा घाई केली, असं दिनकरराव मागच्या खेपेला म्हणाले होते आणि एकटेच हसले होते.

"ही चौथी खेप," ते म्हणाले. "वाचा."

मी वही वाचली. जूनच्या शेवटी अभ्यासिकेची काच फोडली. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात रेक्टरच्या अंथरुणावर बादलीभर पाणी ओतलं. दुसऱ्या पंधरवड्यात एका मुलीची विज्ञानाची वही फाडून हौदात टाकली. ऑगस्टात चावली. गंमत अशी की आठवीचं सबंध वर्ष ही मुलगी आमच्याकडेच होती आणि ती होती हे कुणाला आठवत नव्हतं. वहीत तिचं नाव एकदाही नव्हतं. सुट्टीत घरी जाऊन आली आणि जूनपासून तिच्या अंगात आलं.

"शिक्षा काय केलीत?"

"नेहमीचीच. चारही वेळा."

नेहमीची म्हणजे सुट्टी बंद. महिन्याच्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी मुलींना घरी सोडत. गैरवर्तन केलं की पुढची सुट्टी गेली. छडी सरकारने बंद केली होती आणि याहून कडक शिक्षा आम्हा शिकल्यासवरल्या माणसांना सुचलेली नव्हती.

"आता शिक्षा नाही," दिनकरराव म्हणाले. "आणखी एक नोंद झाली की दाखला हातात आणि कायमची घरी."

शीतलने तेव्हा पहिल्यांदा मान वर केली. "कायमची?"

"कायमची."

तिच्या गावात सातवीपुढे शाळा नव्हती. कायमची घरी म्हणजे शिक्षण संपलं. आणि ते संपावं असं मला वाटत नव्हतं. एक तर ती गणितात विचित्र होती. उदाहरण सुटलं की तिला आनंद होत नसे. ती ते खोडायची आणि दुसऱ्या रीतीने पुन्हा सोडवायची, पहिलं उत्तर योगायोगाने आलं असेल तर म्हणून. अशी मुलगी नऊ वर्षांत मला एकच मिळाली होती. तिने माझं अंथरूण भिजवलं होतं, पण गादी संस्थेची होती.

या गोष्टीला सोळा वर्षं झाली.

त्याच आठवड्यात पुण्याहून डॉक्टर सबनीस आले. ते औषधाचे डॉक्टर नव्हते, अभ्यासाचे होते. पण आमच्याकडे डॉक्टर म्हटलं की पहिल्या दिवशी तिघींनी जीभ दाखवली. माणूस सज्जन होता. सारखा घाम पुसायचा. एका कंपनीच्या खर्चाने ते एक प्रयोग करत होते: किशोरवयीन मुलांचं वागणं बिघडतं ते अंगात लोह, जस्त, जीवनसत्त्वं कमी पडतात म्हणून, ती गोळीतून दिली की वागणं सुधारतं.

"रागाचं मूळ पोटात असतं, शिंत्रेबाई," ते मला म्हणाले. "आपण उगाच डोक्यात शोधतो."

मला ते पटलं. पटायला माझी काही हरकत नव्हती. शीतलच्या पोटात काही कमी असेल तर ते घालता येण्यासारखं होतं.

दोन डबे आले. एकाचं झाकण निळं, एकाचं पिवळं. एका डब्यातल्या गोळ्या खऱ्या, दुसऱ्यातल्या नुसत्या पिठाच्या. दिसायला सारख्या. कुठला डबा खरा हे फक्त डॉक्टरांना माहीत. मुलींना नंबर दिले. विषम नंबरवाल्यांना निळा डबा, सम नंबरवाल्यांना पिवळा. रोज रात्रीच्या जेवणानंतर प्रत्येकीच्या वागण्याला मी शून्य ते पाच गुण द्यायचे आणि तक्त्यात भरायचे. दहा आठवडे, दिवाळीपर्यंत.

"आणि घरची सुट्टी?" मी विचारलं.

"दहा आठवडे बंद. घरी गेल्या की गोळी बुडते."

मुली आठवडाभर रडल्या. एका मुलीने तर आजी मेल्याचं पत्र स्वतःच लिहून पोस्टात टाकलं. आजी दुसऱ्या दिवशी लाडू घेऊन आली. शीतल रडली नाही. तिचा नंबर सतरा होता.

गोळ्या वाटायचं काम हौसाबाईंचं. हौसाबाई वीस वर्षं बोर्डिंगचा स्वयंपाक करत होत्या आणि संस्था आपण चालवतो असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

"म्हंजी निम्म्या पोरींना औषध, अन् निम्म्यांना पीठ?" त्यांनी विचारलं.

"हो. प्रयोगाची रीत आहे ती."

"अन् मी वाढायचं?"

"हो."

"एका पंगतीला बसवून एकीला खरं अन् एकीला खोटं? बाई, पंक्तिप्रपंच हाय ह्यो. माझ्या सासूनं सवतीच्या पोराला बी कधी पातळ ताक वाढलं न्हाय."

मी त्यांना विज्ञान समजावून सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं. त्या इतक्या शांतपणे ऐकून घेतात तेव्हा त्यांचं ठरलेलं असतं, हे मला नऊ वर्षांत कळायला हवं होतं.

शीतल सुधारली.

हे मी सौम्य शब्दांत सांगते आहे. डॉक्टर भाषणांत जसं सांगायचे तसं सांगायचं तर चमत्कार झाला. पहिल्या पंधरवड्यात तिने कुणाला बोट लावलं नाही. दुसऱ्यात, जिला चावली होती तिची वेणी घालून दिली. संध्याकाळी आपणहून स्वयंपाकघरात जाऊन हौसाबाईंना भाकऱ्या थापू लागली. गणपतीत आठवीच्या मुलींना अपूर्णांक शिकवले. तिला हसताना दोन्ही गालांवर खळ्या पडतात हे मला सप्टेंबरात कळलं, म्हणजे ओळख होऊन सव्वा वर्षाने.

मी तिला आधी तीन गुण देत होते, मग चार, मग रोज पाच. डॉक्टर पंधरवड्याने यायचे आणि सतरा नंबरच्या ओळीवरून बोट फिरवायचे. त्यांचं बोट तिथे रेंगाळायचं.

"ही मुलगी बघा," ते म्हणायचे. "जस्त!"

मला आनंद व्हायचा. रेक्टरच्या कामात आनंदाचे प्रसंग फार नसतात. एक मुलगी शाळेत राहणार होती, आणि मला काही न विचारता, काही न करता, रोज एक आकडा लिहून हे साधलं होतं.

दिवाळीच्या तोंडावर प्रयोग संपत आला तेव्हा दिनकररावांनी बक्षीस जाहीर केलं. तक्त्यात सर्वांत वर आलेल्या पाच मुलींना दिवाळीला चार दिवस आधी घरी सोडायचं. यादीत पहिलं नाव शीतल ढेकळे. त्याच दुपारी ऑफिसात तिच्या आईचा फोन आला.

"बाई, थोरल्याचं लगीन धरलंय. तुळशीचं लगीन झालं की दुसऱ्या दिवशी. शीतलला धाडा. या खेपेला शिक्षा नगा लावू, पाया पडते."

"शिक्षा कसली," मी म्हटलं. "तुमची मुलगी पहिली आली आहे. चार दिवस आधी पाठवते."

पलीकडे आईला रडू फुटलं. मला वाटलं, अभिमानाने.

गुरुवारी दुपारी मी ही बातमी द्यायला स्वयंपाकघरात गेले. शीतल जमिनीवर बसून शेंगा फोडत होती. हौसाबाई मागच्या दारात तांदूळ पाखडत होत्या.

"शनिवारी घरी जायचंय तुला," मी म्हटलं. "सगळ्यांच्या आधी. दादाचं लग्न ठरलंय ना?"

तिचा हात थांबला. "कुणी सांगितलं?"

"आईचा फोन होता."

ती थोडा वेळ टरफलं गोळा करत राहिली. मग म्हणाली, "बाई, मी दिवाळीत हितंच राहू का? ऊसतोडीवाल्यांच्या पोरी राहत्यात की. त्यांच्यासंगं राहते. अभ्यास करते."

"दादाचं लग्न सोडून?"

"दादाच्या लग्नात माझं काय काम?"

"अगं वेडे," मी हसले. "तुझ्याशिवाय त्याचं लग्न होईल का?"

मी ते सहज बोलले. एकुलत्या एका बहिणीला सगळे बोलतात तसं. पण ती माझ्याकडे एकदम अशी बघायला लागली, की जणू मी कुणाचं तरी पत्र चोरून वाचलं आहे.

"तुम्हाला म्हाईत हाय?" तिने विचारलं.

"काय?"

"काय न्हाय."

इथे मी थांबून विचारायला हवं होतं. पण मला वाटलं, लाजली. पंधरा वर्षांच्या मुली कशालाही लाजतात, आणि मला त्या दिवशी आणखी चार बक्षिसं सांगायची होती.

मी वळले तेव्हा ती उठून उभी राहिली. "बाई, एक सांगायचंय. मावशींनी गोळ्या कालवल्यात."

"काय?"

"पहिल्याच दिवशी. दोन्ही डबे परातीत वतले, कालवले अन् परत भरले. कुणाला खरी जाती, कुणाला खोटी, कुणालाच म्हाईत न्हाय. म्हंजी मी गोळीनं सुधारले असं न्हाय म्हणता यायचं. माझं नाव यादीतनं काढा."

मागच्या दारातलं सूप थांबलं.

"व्हय, कालवल्या," हौसाबाई म्हणाल्या. "आता ज्याच्या त्याच्या नशिबानं. माझ्या हातनं तर न्हाय."

आता विचार करते तेव्हा वाटतं, त्या क्षणी एक मुलगी मला गणित घालत होती. गोळी नव्हे, तर मग काय? तिने अर्धं उदाहरण सोडवून माझ्यापुढे ठेवलं होतं. मी विज्ञानाची पदवीधर. आणि माझ्या तोंडून निघालं ते हे:

"कुणाकुणाला सांगितलंस?"

"कुणालाच न्हाय."

"सांगू नकोस. डॉक्टरांची दहा आठवड्यांची मेहनत आहे."

"पण मग मी कशानं सुधारले?"

"कशाने का असेना. पाचपैकी पाच आहेत तुला."

कोनाड्यात लोणच्याची चिनी मातीची बरणी होती, मोठी, वर्षाच्या बेगमीची. शीतल तिकडे गेली. तिने ती दोन्ही हातांनी उचलली, माझ्याकडे तोंड केलं, माझ्या डोळ्यांत बघितलं आणि हात सोडून दिले.

स्वयंपाकघरभर मोहरी आणि हिंगाचा वास सुटला. तेल हळूहळू माझ्या चपलेपर्यंत आलं.

"लिहा," शीतल म्हणाली. "वही आणू?"

"हात घसरला तुझा," मी म्हटलं.

"घसरला न्हाय."

"शीतल, लिहिलं तर नाव कमी होईल. चेअरमनसाहेब काय म्हणाले आठवतंय ना?"

"त्यांना सांगू नका. नुसती सुट्टी बंद करा."

"सुट्टी बंद केली तर कारण लिहावं लागतं. आणि कारण लिहिलं तर शाळा संपली. भावाच्या लग्नाला जा, आणि परत ये. हात घसरला."

"घसरला न्हाय, बाई!"

"घसरलाच की," हौसाबाई फडकं घेऊन आल्या. "तेलकट असतीया बरणी. माझाच दोनदा घसरता घसरता ऱ्हायला. सर, पायात तुकडा घुसंल."

आम्ही दोघी बायका, एक शिकलेली आणि एक न शिकलेली, इतक्या एकमताने यापूर्वी कधी वागलो नव्हतो. शीतल आमच्याकडे आळीपाळीने बघत होती. मग ती खाली बसली आणि तुकडे वेचू लागली.

त्या दिवशीच्या तक्त्यात मी सतरा नंबरपुढे पाच लिहिले. नोकरीत मी केलेलं ते सर्वांत दयाळू काम होतं.

शनिवारी सकाळी मामा मोटरसायकल घेऊन आला. शीतल जाताना माझ्या पाया पडली. यापूर्वी ती कधी पडली नव्हती. तेही मी सुधारणेतच धरलं.

सुट्टी संपली. एकेचाळीस मुली हजर होत्या. आठवडा गेला. मग एक दिवस तिचा भाऊ आला, तिची पत्र्याची पेटी न्यायला. मारुती त्याचं नाव. एकतीस वर्षांचा, बुजरा माणूस. हाताची हळद अजून पुरती गेली नव्हती. त्याने बुंदीचे लाडू आणले होते आणि डबा टेबलावर ठेवायचा की माझ्या हातात द्यायचा हे त्याला ठरवता येत नव्हतं.

"शीतल कुठे आहे?" मी विचारलं.

"तिच्या घरी."

"म्हणजे तुमच्याकडेच ना?"

"न्हाय. तिच्या." तो लाडवांकडे बघून बोलत होता. "साटंलोटं झालं, बाई. माझी बायको म्हंजी तिच्या नवऱ्याची सख्खी भन. त्यांनी पोरगी दिली, आम्ही दिली. दोन्ही लग्नं एकाच मांडवात. मला धा वर्षं झाली, कुणी पोरगी देत नव्हतं."

"ती पंधरा वर्षांची आहे."

"व्हय."

बाहेर आठवीच्या मुली दोरीवरच्या उड्या मोजत होत्या. त्या सत्तेचाळीसपर्यंत गेल्या.

"कधी ठरलं हे?"

"बोलणं मे महिन्यापासनं चालू हुतं. पण तिकडची माणसं म्हणायची, पोरगी डोळ्यानं बघितल्याबिगर हळद न्हाय. अन् हिला तर दर सुट्टीला शिक्षा. चार डाव पावणे येऊन नुसता चहा पिऊन गेले. मागनं तुमची सुट्टीच बंद झाली. ते दुसरीकडं बघाय लागले हुते, बाई. ही चार दिवस आधी आली म्हणून जमलं."

मी कपाटातून वही काढली. काढायची गरज नव्हती, पण काढली. काच, चौथ्या शनिवारच्या आधीचा गुरुवार. पाणी, दुसऱ्या शनिवारच्या आधीचा बुधवार. वही फाडली, गुरुवार. चावली, गुरुवार. सगळ्या तारखा माझ्याच अक्षरात, खाली माझीच सही.

"ती नको म्हणाली नाही तुम्हाला?"

"म्या दोनदा इचारलं." आता त्याने वर बघितलं. "म्हणली, दादा, तुझं होऊ दे."

तो पेटी डोक्यावर घेऊन गेला. पेटी हलकी असावी. पुस्तकं त्याने बाहेर काढून ठेवली होती, बोर्डिंगची असतील म्हणून.

दिनकररावांना मी त्याच दिवशी गाठलं. हा गुन्हा आहे, आपण कळवलं पाहिजे, असं सांगितलं. त्यांनी नेहमीप्रमाणे सगळं बारकाईने विचारलं: कुठलं गाव, कुठला मांडव, किती वाजता अक्षता पडल्या.

"म्हणजे आपल्या हद्दीत नाही," ते म्हणाले. "आणि प्रयोग संपल्यावर. ठीक आहे. पटावरून नाव कमी करा. कारण घरगुती."

ती ओळही मीच लिहिली. पुढे महिन्याभराने डॉक्टरांचा अहवाल आला. निळ्या झाकणाच्या मुली पिवळ्या झाकणाच्या मुलींपेक्षा तिपटीने सुधारल्या होत्या. एका परातीत कालवलेल्या गोळ्यांतून हे कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. सतरा नंबरवर एक वेगळा परिच्छेद होता.

पण त्याच्या आधी, मारुती येऊन गेल्यानंतरच्या रविवारी, मी अर्ज लिहिला. बालविवाहाची तक्रार, दोन पानं, मुलीच्या जन्मतारखेसकट. तो पर्समध्ये घातला आणि एसटीने तिच्या सासरच्या गावी गेले. देण्याआधी तिला एकदा भेटावं, असं मनाशी म्हणत होते. खरं म्हणजे ती 'द्या' म्हणेल आणि मग ते माझ्या एकटीचं राहणार नाही, असा हिशेब होता.

घर नीटनेटकं होतं. शेणाने सारवलेलं अंगण, दोन म्हशी, नवीन पत्रा. सासू वाईट बाई नव्हती. तिने मला खुर्ची दिली आणि स्वतः उंबऱ्यावर बसली.

"वळण लावावं तर तुमच्या बोर्डिंगानं," ती म्हणाली. "एक शबूद वर करून बोलत न्हाय. आमी म्हटलं, शिकलेली हाय, तोंड चालवंल. छ्या. गरीब गाय हाय."

शीतल चहा घेऊन आली. हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत होत्या आणि साडी तिला अजून झेपत नव्हती. चालताना ती एका हाताने निऱ्या धरत होती. सासू म्हशीला पाणी दाखवायला मागे गेली. आम्ही दोघीच उरलो.

"का नाही सांगितलंस?" मी विचारलं. दीड वर्षाने मी तिला पहिला 'का' विचारला.

"सांगितलं की, बाई," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "दादाचं नाव न घेता जेवढं सांगता येत हुतं तेवढं सांगितलं."

मी पर्स उघडून अर्ज दाखवला. तिने तो दोन्ही पानं वाचला. एका ठिकाणी बोट थांबवून म्हणाली, "जन्मतारीख चुकलीया. बारा न्हाय, एकवीस." मग घडी घालून माझ्या मांडीवर ठेवला.

"ह्यो दिला तर काय हुईल?"

"पोलिस येतील. तुझ्या नवऱ्याला, सासऱ्याला नेतील. तुझ्या वडिलांनाही, बहुतेक."

"वहिनी?"

"वहिनीचं काय?"

"मी हितनं गेले तर ती तिथनं येती. तशीच रीत हाय. दादा आता घरात गाणं म्हणतो म्हणं." तिने निऱ्या सारख्या केल्या. "ते जाऊ द्या. ते मी बघितलं असतं. मला काढलं हितनं, तर मी कुठं जायचं? बोर्डिंगात?"

तिचं नाव मी चार दिवसांपूर्वी स्वतःच्या हाताने कमी केलं होतं.

"आईकडं आता ठेवणार न्हाईत." मग तिने सरळ विचारलं, गणित विचारायची तसं. "तुमच्याकडं ठिवाल? दहावीपतूर?"

मला दोन खोल्या होत्या. माणूस मी एकटी. खोल्या संस्थेच्या, संस्था दिनकररावांची, नोकरीला अजून बारा वर्षं. पोलिसांत गेलेल्या बाईला संस्था किती दिवस ठेवील. एवढं सगळं माझ्या मनात एका क्षणात येऊन गेलं. माणसाचं डोकं अशा वेळी फार भरभर चालतं. शीतल माझ्या तोंडाकडे बघत होती. मागे म्हैस पाणी पीत असल्याचा आवाज येत होता.

"बघते," मी म्हणाले.

ती चटकन उठली. माझ्या हातातला कप घेतला, त्यात चहा अजून अर्धा होता.

"बस पावणेपाचला हाय, बाई," ती म्हणाली. "फाटा लांब हाय. आत्ताच निघा."